काशीतला शेवटचा दिवस: गडू, शालू आणि गाडीची वेळ

काशीयात्रेत फसतो तो शेवटचा दिवस. पहिले दोन-तीन दिवस रांग लांबली तरी कुणी कुरकुरत नाही. मग राहिलेलं सगळं शेवटच्या दिवसावर ढकललं जातं: काळभैरव, शालू, गंगेचे गडू, शेजाऱ्यांसाठी पेढे, आत्याने सांगितलेली रुद्राक्षाची माळ. आणि संध्याकाळी साडेपाचची गाडी. नकाशात घाटापासून स्टेशन जेमतेम पाच किलोमीटर दिसतं, म्हणून लोक तासभर आधी खोली सोडतात आणि गोदौलियाच्या चौकात अडकून पडतात.

या दिवसाचं गणित गाडीच्या वेळेपासून मागे मोजत मांडायचं असतं. खाली ते पायरीपायरीने दिलं आहे. दशाश्वमेध ते पंचगंगा या घाटांलगतच्या गल्ल्यांत उतरलेल्यांना डोळ्यासमोर ठेवलं आहे, कारण खरी अडचण तिथेच होते. दक्षिणेकडच्या अस्सी, लंका या भागांत किंवा कॅन्टच्या, म्हणजे मुख्य स्टेशनच्या, बाजूला उतरला असाल तर अर्धं काम आधीच सोपं झालं आहे.

पायरी १: तिकिटावरचं स्टेशन आदल्या रात्री वाचा

वाराणसीत स्टेशनांची नावं गोंधळात टाकतात. वाराणसी जंक्शनला तिथले लोक ‘कैंट’ म्हणतात. रिक्षात बसताना तेच नाव सांगा. दुसरं बनारस. हे पूर्वीचं मंडुआडीह, नाव २०२१ मध्ये बदललं. ते शहराच्या पश्चिमेला आहे. नुसतं ‘बनारस स्टेशन’ म्हणालात तर चालक तुम्हाला कॅन्टला नेऊन सोडण्याची शक्यता असते, म्हणून जोडीला ‘मंडुआडीह’ म्हणा. तिसरं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे २०१८ पर्यंतचं मुगलसराय. ते गंगेच्या पलीकडे, गोदौलियापासून सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. शिवाय वाराणसी सिटी आणि काशी ही आणखी दोन.

मुंबईला सीएसएमटीला येणारी महानगरी वाराणसी जंक्शनहून सुटते, कामायनीही तिथूनच जाते. पुण्याची ज्ञानगंगा बनारसहून सुटते. पाटण्याकडून मुंबईला येणाऱ्या बऱ्याच गाड्या वाराणसीत शिरतच नाहीत, त्या दीनदयाळवरून निघून जातात. तिकिटावर बीएसबी असेल तर जंक्शन, बीएसबीएस असेल तर बनारस, डीडीयू असेल तर दीनदयाळ. पहिल्या दोघांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि त्या अक्षरापायी गाड्या चुकतात.

दीनदयाळला जायचं असेल तर वाट कोणती, हेही आदल्या रात्रीच ठरवा. राजघाटाजवळचा मालवीय पूल १८८७ मधला आहे. खालून रेल्वे, वरून रस्ता. तो तुंबला की पर्याय उरत नाही. अस्सी-लंकेच्या बाजूला असाल तर सामनेघाटच्या पुलावरून रामनगरमार्गे जा. अंतर थोडं वाढलं तरी शहराचा मधला भाग टळतो.

पायरी २: वेळ मागे मोजा

समजा, कॅन्टहून संध्याकाळी ५.३० ची गाडी आहे. फलाटावर ४.४५ ला हवं, कारण पुलावरून सामान चढवायला-उतरवायला आणि डबा शोधायला अर्धा तास सहज जातो. गोदौलिया ते कॅन्ट हा रस्ता पहाटे वीस मिनिटांचा आहे. दुपारी तीननंतर एक तास धरा. म्हणजे ३.४५ ला वाहनात बसायचं. खोलीपासून वाहनापर्यंत सामानासकट पंचवीस-तीस मिनिटं, म्हणून ३.१५ ला खोली सोडायची. त्याआधी जेवण आणि थोडी पाठ टेकणं. म्हणजे बाहेरची सगळी कामं दुपारी एकला संपली पाहिजेत.

पहाटे चार ते दुपारी एक, असे नऊ तास हातात येतात. भरपूर आहेत, पण ते पहाटेपासून वापरले तरच. आठला उठणाऱ्याच्या हाती पाचच उरतात, आणि तेही सगळ्यात गर्दीचे.

सोमवार, सगळा श्रावण, महाशिवरात्र, कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी आणि १ जानेवारीच्या आसपासचे दिवस यांत वरच्या प्रत्येक आकड्याला दुप्पट करा. तिथला श्रावण पौर्णिमान्त पंचांगाचा, म्हणजे आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपल्या दिनदर्शिकेवर आषाढ दिसतो आणि तिकडे कावडवाल्यांची गर्दी असते. कुणा बड्या पाहुण्याचा दौरा असेल तर रस्ते मध्येच बंद होतात. लॉजच्या माणसाला आदल्या संध्याकाळी एवढंच विचारा, “कल कोई रोक तो नहीं है?” त्याला सगळं ठाऊक असतं.

डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. गाड्या चार-चार, आठ-आठ तास उशिरा धावतात. अशा वेळी गाडी कुठवर आली हे रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर खोली सोडण्याआधी पाहा. मात्र, गाडी तिथूनच सुटणारी असेल तर ‘उशीर होणारच’ या भरवशावर राहू नका. रिकामा डबा यार्डात उभा असला तर ती वेळेवर सुटते.

पायरी ३: सामान आदल्या रात्रीच बांधा आणि गल्लीबाहेर काढण्याची वाट ठरवा

घाटाजवळच्या गल्ल्यांत दोन माणसं खांद्याला खांदा लावून जेमतेम चालतात, आणि समोरून मोटारसायकल नाहीतर सांड येतो. फरसबंदी दगडी, मधून पायऱ्या. चाकांच्या बॅगेचं चाक इथेच निखळतं. जड बॅगेपेक्षा दोन मध्यम पिशव्या बऱ्या.

सामान काढण्याच्या वाटा तीन. पहिली, लॉजच्या पोऱ्याला किंवा हमालाला देऊन चौकापर्यंत नेणं. पैसे नगावर की फेरीवर, हे उचलण्याआधी ठरवा आणि एकाने त्याच्या सोबतच चाला. गल्लीच्या प्रत्येक वळणावर तो दिसेनासा होतो. गोदौलिया ते मैदागिन या पट्ट्यात गर्दीच्या वेळी मोटारी आत सोडत नाहीत, टोटोही, म्हणजे बॅटरी रिक्षाही, अडवतात. तेव्हा ‘टॅक्सी दारात येईल’ हे कुणी सांगितलं तरी धरून चालू नका. टॅक्सीला कुठे उभं राहायचं ते खुणेच्या दुकानासकट सांगा.

दुसरी वाट नावेची, आणि ती फार कमी लोकांना सुचते. सिंदिया, भोसले, राम, पंचगंगा या घाटांच्या वर उतरला असाल तर सामान घेऊन पायऱ्या उतरा, नावेत ठेवा आणि नमो घाटावर उतरा. हा राजघाटाजवळचा घाट आहे, तिथे रस्ता थेट नदीपर्यंत येतो आणि वाहनं मिळतात. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते, त्यामुळे पंचगंगेहून नमो घाटाकडे जाणं म्हणजे प्रवाहाबरोबर जाणं. वल्ह्याची नावही झरझर जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गल्लीतली चढउतार टळते, फक्त घाटाच्या पायऱ्या उतराव्या लागतात. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत, तिथे हात धरायला माणूस हवा. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंद होतात, घाटच पाण्याखाली जातात, आणि पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर निसरडा गाळ राहतो. जुलै ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ही वाट धरू नका.

तिसरी वाट म्हणजे सकाळीच सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाकणं. पाटीवर ‘अमानती घर’ लिहिलेलं असतं. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक नगाला कुलूप लागतं; नुसती चेन लावलेली किंवा नाडीने बांधलेली पिशवी घेत नाहीत. छोटी कुलपं घरूनच न्या. पण खोली घाटावर आणि कामंही घाटावर असतील तर या फेरीत दोन तास जातात. रात्री उशिराची गाडी असेल तरच ही वाट परवडते.

खोली सोडायची वेळही पाहून ठेवा. हॉटेलांत ती बहुधा सकाळी दहा ते दुपारी बारा असते, काही धर्मशाळांत आलात त्या वेळेपासून चोवीस तास मोजतात. बारानंतर सामान कार्यालयात ठेवायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, पण अंघोळ, कपडे बदलणं त्याआधी उरकावं लागतं. आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे आदल्या संध्याकाळीच आत घ्या. माकडं आधी कपडे नेतात, मग चष्मा.

पायरी ४: पहाटेचं दर्शन

विश्वनाथाची मंगला आरती पहाटे तीनला असते, त्यानंतर चारच्या सुमारास सर्वांसाठी दर्शन सुरू होतं. शेवटच्या दिवशी हीच वेळ गाठा. साडेअकराच्या आसपास मध्यान्ह भोग आरती असते, त्या वेळी रांग रेंगाळते. ‘जाता जाता पाच मिनिटं’ म्हणून अकराला रांगेत लागलेला माणूस एकला बाहेर येतो आणि पुढचं सगळं गणित कोसळतं. सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लवकर होणाऱ्या दर्शनाचं, तिकीट मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर काढता येतं. गल्लीतल्या दलालाकडून काढू नका.

आत मोबाइल, कॅमेरा, स्मार्ट घड्याळ, इअरफोन, चार्जर, पेन, पिशवी, पट्ट्याची पर्स यांतलं काही चालत नाही. मोटारीची रिमोटवाली किल्लीही अडवतात. सगळं खोलीवर ठेवून फक्त पैसे घेऊन जाणं उत्तम. नाहीच जमलं तर गल्लीतल्या फुलांच्या दुकानांत लॉकर असतात. ‘लॉकर फ्री’ याचा अर्थ त्याच्याकडून फुलं, पेढे, दुधाचा गडवा घ्यायचा, असा असतो. टोपलीची किंमत लॉकरमध्ये फोन टाकण्याआधी विचारा, नंतर नाही. किल्ली खिशात टाकताना कोणत्या दारातून आत गेलात आणि दुकान कोणतं, हे मनात दोनदा घोका, कारण फोटो काढून ठेवायला फोनच नसतो.

फोन नसल्याने माणसंही हरवतात. १३ डिसेंबर २०२१ ला खुल्या झालेल्या नव्या आवारात चारी बाजूंनी दारं आहेत, आत गेलेली दोन माणसं दोन दारांनी बाहेर पडतात आणि अर्धा तास एकमेकांना शोधतात. रांगेत लागण्याआधीच भेटायची जागा ठरवा. आवारात अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे, तो कुणालाही विचारता येतो. आजचं मंदिर त्यांनीच १७८० मध्ये बांधवलं, तेव्हा मराठी माणसाने चुकल्यावर तिथेच उभं राहावं हे शोभतंही.

दर्शनाहून परतताना साक्षी विनायकाला जा. देऊळ लहान आहे, विश्वनाथाच्या परिसरातल्या गल्लीतच. यात्रा झाल्याची साक्ष इथे ठेवायची असा जुना रिवाज आहे, आणि तो शेवटच्या दिवसाचाच आहे. पंधरा मिनिटांत होतं. काळभैरव मात्र उत्तरेला, मैदागिनच्या बाजूला, गल्लीत. रविवारी आणि मंगळवारी तिथे मोठी गर्दी असते. शेवटचा दिवस या दोघांपैकी असेल तर काळभैरव आदल्या दिवशीच उरका आणि काळे गंडेही तेव्हाच घ्या.

श्राद्ध, पिंडदान असले विधी शेवटच्या दिवशी ठेवू नयेत. गुरुजी वेळेवर येणं, साहित्य मिळणं, नावेची सोय या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात नसतात.

पायरी ५: नाव आणि गंगाजल

दर्शन आटोपून घाटावर याल तेव्हा उन्हाळ्यात उजाडत असेल, हिवाळ्यात अजून काळोख असेल. तेव्हा कचौडी-चहा घेऊन सूर्योदयाच्या सुमारास नाव करा. दर ठरवताना चार गोष्टी एकाच दमात विचारा: पैसे माणशी की नावेचे, वल्ह्याची की इंजिनाची, कुठून कुठे, किती वेळ. पाचवी गोष्ट सांगायची: परत याच घाटावर सोडायचं. नाहीतर ‘जाना’ वेगळं आणि ‘आना’ वेगळं निघतं. लाइफ जॅकेट मागून घ्या, मागितल्याशिवाय ती फळीखालीच राहतात.

दशाश्वमेधहून उत्तरेला गेलात तर मानमंदिर, ललिता, मणिकर्णिका, सिंदिया, भोसले, राम, पंचगंगा असे घाट क्रमाने लागतात. सिंदियाचं आणि नागपूरकर भोसल्यांचं नाव पाण्यातून वाचताना बरं वाटतं. अहिल्याबाई घाट मात्र दशाश्वमेधला लागूनच, दक्षिणेच्या अंगाला आहे. तो सुटतो, कारण नावाडी उलट्या दिशेने नेतो. आधी त्याला तिकडून फिरवून घ्या. मणिकर्णिकेवर फोटो काढू नका. तिथे उतरलात आणि कुणी ‘गरिबांच्या सरणासाठी लाकडाला पैसे’ मागत मागे लागलं तर न थांबता चालत राहा. वाद घालायला थांबलात की चार जण जमतात.

गंगाजल या फेरीतच भरा. काठाला निर्माल्य, साबण, तेल सगळं असतं. मधल्या धारेत पाणी त्यामानाने बरं मिळतं. काशीतून गंगाजल बाहेर नेऊ नये, असं तिथले काही लोक सांगतील. आपल्याकडे मात्र यात्रेहून आल्यावर गंगापूजन करून मावंदं घालायचं आणि आलेल्यांना गडू द्यायचे ही रीत आहे, आणि काशीची गंगा रामेश्वराला नेण्याचीही. आपल्या घरची पद्धत काय ती धरा.

गडू घेताना बाजारात तीन वस्तू दिसतील. प्लास्टिकचे कॅन स्वस्त आणि हलके, पण त्यांची झाकणं पातळ असतात. डब्यात आडवे पडले की गळतात. आधीच सीलबंद केलेले तांब्याचे गडू दिसायला छान, पण आतलं पाणी कधीचं आणि कुठलं हे कळायला मार्ग नाही. तिसरा आणि चांगला मार्ग म्हणजे आदल्या दिवशी रिकामे गडू घ्यायचे, पहाटे नावेतून स्वतः भरायचे आणि तांब्या-पितळेच्या दुकानात समोर उभं राहून तोंडावर कथलाचा डाग मारून घ्यायचा. विश्वनाथ गल्लीत आणि ठठेरी बाजारात ही दुकानं आहेत. गडू विकत घेतानाच ‘उद्या डाग मारून देणार का, आणि किती वाजता उघडता’ हे विचारून ठेवा.

इथे एक चूक हमखास होते: गडू काठोकाठ भरला जातो. डाग मारताना तोंडाशी पाणी असलं तर तांबं पुरेसं तापत नाही, वाफ होते, आणि ती वाफ कथलातून वाट काढते. वरून डाग चकचकीत दिसतो, पण त्यात सुईच्या अग्राएवढं भोक राहून जातं. म्हणून तीन-चतुर्थांशच भरा, तोंडाची कड कोरड्या फडक्याने पुसून मगच दुकानदाराच्या हातात द्या. डाग थंड झाला की गडू जुन्या वर्तमानपत्रावर उलटा ठेवा. दहा मिनिटांनी कागदावर ओला ठिपका दिसला तर तिथल्या तिथे परत डाग मारून घ्या. वीस गडू असतील तर वीसही तपासा. दुकानदार हसेल, हसू द्या.

संख्या ठरवताना मावंद्याला येणारी घरं मोजा आणि त्यात दोन-तीन जास्तीचे धरा. शंभर मिलिलिटरचे वीस गडू म्हणजे पाणी आणि तांबं मिळून तीन किलोच्या आसपास वजन. ते एकाच पिशवीच्या तळाशी न भरता दोन पिशव्यांत वाटा.

पायरी ६: शालू

शालूची खरेदी शेवटच्या दिवशी करू नये हे खरं. तरी लोक करतातच. मग निदान सकाळी दहा-अकराला, दुकानं उघडता उघडता करा, आणि रविवार नसेल याची खात्री करा. घाऊक बाजार रविवारी बहुतांशी बंद असतो. कुंज गल्ली हा ‘चौक’ नावाच्या भागाजवळचा जुना रेशमी साड्यांचा बाजार. पांढऱ्या गादीवर बसवतात, चहा येतो, आणि साड्या एकापाठोपाठ एक इतक्या वेगाने उलगडतात की दहाव्या साडीनंतर पहिली आठवत नाही. आवडलेली बाजूला काढायला सांगा आणि तीनच्या वर बाजूला काढू नका.

रिक्षावाला, नावाडी, दर्शन करून देणारा कुणीही ‘बुनकरांच्या (विणकरांच्या) घरी नेतो’ म्हणाला तर त्याचा वाटा तुमच्या बिलात चढतो. स्वतः चालत जा.

आता साडी उलटी करा. बनारसी साडीचं सगळं खरं-खोटं उलट्या बाजूला असतं. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र धाग्याने, जागच्या जागी भरलेली असते. मागच्या बाजूला एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागे लोंबत नाहीत. फेकवा विणीत जरीची तार रुंदीभर फेकलेली असते आणि मधले मोकळे धागे नंतर कातरतात. बुट्टीच्या कडेला कातरलेली टोकं बोटाला लागतात. दोन्ही खऱ्या बनारसी पद्धती आहेत, पण कढुआला वेळ कितीतरी जास्त लागतो आणि किंमतही तशीच असते. फेकवा कढुआच्या भावात विकली जाते, ती नेमकी इथे. मग काठाची अगदी बाहेरची किनार पाहा. हातमागावर कापड ताणून धरायला टोकं लावतात, त्यांची बारीक भोकं किनारीला ओळीने राहतात. यंत्रमागाच्या साडीला ती बहुधा नसतात.

रेशमाची खात्री करायची असेल तर पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. दुकानदार धागा द्यायला तयार नसेल तर शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल आहे का पाहा, आणि बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून मागा. बनारसी साड्यांना २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण दुकानाबाहेरच्या पाटीवरून आतली साडी हातमागाची ठरत नाही. हाताने विणलेला शुद्ध रेशमी कढुआ शालू दोन-तीन हजारांत येत नाही. त्या भावात जे मिळतं ते यंत्रमागाचं असतं; आवडलं तर जरूर घ्यावं, फक्त तेवढेच पैसे देऊन.

ब्लाउजपीस साडीतच आहे की वेगळा, हे उलगडून पाहा. फॉल-पिकोसाठी तिथे टाकू नका, ‘दो घंटे’ म्हणजे संध्याकाळ. घडी मलमलच्या फडक्यात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये दमट राहून जरीची तार काळवंडते. आणि शालू व गडू एका पिशवीत कधीही ठेवू नका.

खाण्याचं थोडक्यात

सकाळी कचौडी-भाजी आणि जलेबी, नऊच्या आत. हिवाळ्यात मलइयो मिळतं, म्हणजे दुधाचा फेस. रात्रभर दवात ठेवलेलं दूध पहाटे घुसळून करतात आणि ऊन चढलं की तो बसतो, म्हणून तेही सकाळीच खायचं, बांधून घ्यायचं नाही. सोबत न्यायला लाल पेढा. खवा खरपूस भाजलेला असल्याने तो प्रवासात टिकतो. पांढरे पेढे आणि बंगाली पद्धतीची मिठाई दुसऱ्या दिवशी आंबते. जून-जुलैत लंगडा आंबा घ्यायचा असेल तर कडक पाहून घ्या. पान तिथेच खा. घरी नेलेल्या पानाचा कात कागदातून ओघळून शालूपर्यंत पोचतो.

गाडीत मुंबईपर्यंत चोवीस तासांहून जास्त जातात. पहिल्या रात्रीचं जेवण बरोबर असू द्या आणि शेवटच्या दुपारी चाट, लस्सी, थंडाई यांच्या मोहात पडू नका.

विमानाने जाणाऱ्यांसाठी

बाबतपूरचा विमानतळ घाटांपासून पंचवीस किलोमीटरवर आहे. देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, तेव्हा उड्डाणाआधी साडेतीन तास खोली सोडलेली बरी. हातातल्या सामानातलं द्रव सुरक्षा तपासणीत अडवलं जाऊ शकतं, आणि डाग मारलेला धातूचा गडू उघडून दाखवता येत नाही म्हणून तो लहान असला तरी अडवला जाऊ शकतो. सगळे गडू, पितळी त्रिशूळ, जड समया चेक-इनला द्यायच्या सामानात, कपड्यांत गुंडाळून. शालू हातात घ्या.

सारनाथ राहिलं असेल आणि विमान दुपारनंतरचं असेल तर ते जाताना करता येतं. टॅक्सी सामानासकट सकाळीच करा, सारनाथला जा आणि तिथून परत शहरात न शिरता रिंग रोडने हरहुआमार्गे बाबतपूर गाठा. धामेक स्तूप, मूलगंधकुटी विहार आणि संग्रहालय मिळून अडीच तास पुरतात. अशोकाचं सिंहशीर्ष याच संग्रहालयात आहे आणि ते शुक्रवारी बंद असतं. महाराष्ट्रातून खास सारनाथसाठी येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंनी मात्र त्याला शेवटच्या दिवसाचे अडीच तास न देता आधीचा पूर्ण दिवस द्यावा.

घरी पोचल्यावर

मावंद्याला अवकाश असेल तर गडू देवघरात ठेवताना खाली स्टीलची ताटली ठेवा. आठवड्याभरात ताटलीवर पाण्याचा ओघळ किंवा तोंडाजवळ हिरवट डाग दिसला, तर भोक राहिलं आहे. तो गडू फोडून पाणी काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि पूजेला तेच वापरा. तीर्थ म्हणून द्यायचं झालं तर घरच्या पाण्यात थेंबभर टाका. लहान मुलांना आणि आजारी माणसांना तेवढंही नको.